उतारवयातील शिकारी कुत्रा आणि पाच दिवसांचा परवाना

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात परराज्यातून येणाऱ्या शिकाऱ्याला छोट्या सावजांसाठी मिळणारा परवाना दहा दिवसांचा असतो, मात्र ते दहा दिवस प्रत्येकी पाच सलग दिवसांच्या दोन भागांत विभागलेले असतात, आणि म्हणून मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन अशा राज्यांतून किंवा त्याहूनही दुरून फेझंट पक्ष्याच्या शिकारीला जाणाऱ्यांची सहल मुळातच छोटी आखलेली असते. बरोबरचा कुत्रा तीन-चार वर्षांचा असेल तर जागा, हवामान आणि मुक्काम ठरला की या पाच दिवसांचे नियोजन जवळजवळ पूर्ण होते. परंतु तोच कुत्रा नऊ-दहा वर्षांचा झाला, सकाळी त्याच्या मागच्या पायांत ताठरपणा दिसू लागला आणि शिट्टीला तो पूर्वीच्या तत्परतेने वळेनासा झाला, की नियोजनाची दिशाच बदलावी लागते. किती पक्षी मिळतील हा प्रश्न मागे पडतो आणि कुत्रा रोज किती मिनिटे, कोणत्या जमिनीवर, कोणत्या हवेत काम करू शकेल हा प्रश्न पहिला होतो. पूर्वी जे काम कुत्र्याचे पाय करत होते ते आता माणसाच्या नकाशाने, घड्याळाने आणि संयमाने करायचे असते, आणि ज्याला हे साधणार नाही त्याने म्हाताऱ्या कुत्र्याला घरी ठेवणेच योग्य.

मराठी वाचकासाठी या विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर होणाऱ्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. अमेरिकेतील व्यवस्था निराळ्या तत्त्वावर उभी आहे. तिथे वन्य प्राणी ही राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव मानली जाते, प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते हंगाम आणि मारायच्या पक्ष्यांची मर्यादा ठरवते, आणि परवान्यांचे शुल्क तसेच १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर आकारलेला कर यांतून अधिवासाच्या संवर्धनाचा मोठा खर्च भागवला जातो. या व्यवस्थेची नैतिक चिकित्सा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे विचार करायचा आहे तो त्या व्यवस्थेत आयुष्यभर राबलेल्या प्राण्याचा, आणि त्याच्या वार्धक्याविषयी जे ज्ञान तिथे जमा झाले आहे ते पुण्या-मुंबईच्या घरांत वाढणाऱ्या लॅब्रॅडॉरच्या मालकालाही तितकेच उपयोगी आहे.

फेझंट हा मोर, रानकोंबडा, तित्तर आणि लावा यांच्याच कुळातला, म्हणजे फॅसियानिडी कुळातला, जमिनीवर वावरणारा मूळचा आशियाई पक्षी आहे. शांघायमधील अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२ मध्ये जहाजाने पाठवलेल्या पक्ष्यांपासून ऑरेगन राज्यात त्याची टिकाऊ वस्ती झाली आणि पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस साउथ डकोटाच्या स्पिंक परगण्यात तो रुजला. तेथील पहिला कायदेशीर हंगाम ३० ऑक्टोबर १९१९ रोजी, केवळ एका दिवसाचा झाला. १९४३ मध्ये हा परदेशी पक्षी चक्क राज्यपक्षी ठरला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲबर्डीनच्या रेल्वे स्थानकावरून जाणाऱ्या सैनिकांना तेथील स्त्रिया फेझंटच्या मांसाची सँडविच मोफत वाटत, इतका तो त्या मुलखाच्या जीवनाचा भाग बनला. १९४५ च्या सुमारास राज्यातील फेझंटांची संख्या १ कोटी ६० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज होता. नंतर शेती सघन झाली, बांध नाहीसे झाले, पाणथळी बुजवल्या गेल्या आणि पक्षी घटले. १९८५ च्या शेती कायद्याने धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला वार्षिक भाडे देण्याची योजना आणली, तेव्हा पक्ष्यांना पुन्हा आसरा मिळाला, आणि आजही फेझंटचे भवितव्य या योजनेतील गवताच्या एकरांबरोबर वरखाली होत असते.

हा पक्षी शक्यतो उडत नाही, धावतो. धोक्याची चाहूल लागताच नर मक्याच्या ओळींमधून किंवा गवताच्या बुडख्यांतून मान खाली घालून वेगाने पळतो आणि पुढे आडोसा संपला किंवा कुत्रा अगदी जवळ आला तरच उडतो. म्हणून कुत्र्याशिवाय फेझंटची शिकार करणाऱ्याच्या पायांखालून पक्षी निसटून जातात. कुत्र्यांचे या कामात ढोबळमानाने दोन प्रकार पडतात: पॉइंटर जातीचे कुत्रे पक्ष्याचा वास लागताच जागीच ताठ उभे राहून दिशा दाखवतात, तर स्पॅनियल आणि लॅब्रॅडॉर बंदुकीच्या टप्प्यात राहून गवत विंचरत पक्षी उठवतात आणि पडलेला पक्षी तोंडात धरून आणतात. यांतले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण जखमी होऊन पडलेला नर दाट गवतात शंभर पावले पळत जाऊन लपतो आणि त्याला शोधणे माणसाच्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. जखमी पक्षी रानात मरायला सोडणे हा शिकाऱ्याचा सर्वांत मोठा दोष मानला जातो, आणि तो दोष टाळणारे साधन म्हणजे कुत्र्याचे नाक.

वयाचा फटका कुत्र्याच्या सर्व इंद्रियांना सारखा बसत नाही, ही गोष्ट नियोजनाच्या मुळाशी आहे. नाक बहुधा सर्वांत शेवटपर्यंत टिकते. त्याआधी सांधे, स्नायू, कान आणि डोळे थकतात. मोठ्या अंगाचे कुत्रे लहान कुत्र्यांपेक्षा लवकर म्हातारे होतात आणि लॅब्रॅडॉरच्या बाबतीत सातव्या-आठव्या वर्षापासूनच उतारवयाची लक्षणे धरून चालावे लागते. सांध्यांतील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजत जाते आणि हालचाल दुखरी होते; स्नायूंचा भार कमी झाल्याने त्याच सांध्यांवर अधिक ताण येतो; ऐकण्याच्या क्षमतेतून बहुधा उच्च पट्टीचे आवाज आधी गळतात, आणि ज्याच्या डोक्यावरून वर्षानुवर्षे छऱ्यांच्या बंदुकीचे बार झाले आहेत त्याच्या कानांची हानी याहूनही अधिक झालेली असते. डोळ्यांत निळसर धूसरपणा दिसतो तो पुष्कळदा मोतीबिंदू नसून भिंगाचा गाभा वयोमानाने दाट झाल्याचे चिन्ह असते आणि त्याने दृष्टी फारशी जात नाही, परंतु संधिप्रकाशात दूर पडलेल्या पक्ष्याची जागा हेरणे अशा कुत्र्याला कठीण होते. यांपैकी कोणता दोष किती आहे हे मालकाने अंदाजाने ठरवणे धोक्याचे असून, सहलीच्या निदान दोन महिने आधी पशुवैद्याकडून सांधे, हृदय, डोळे आणि रक्त यांची तपासणी करून घेणे ही नियोजनाची खरी सुरुवात होय.

या तपासणीत एका विकाराकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. वयस्क लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राच्या लकव्याचे प्रमाण बरेच आढळते. श्वास आत घेताना स्वरयंत्र उघडणारे स्नायू त्यात काम करेनासे होतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, घोगरा होतो, आणि धावल्यावर श्वास आत घेताना घरघर ऐकू येते. कुत्रा घामावाटे शरीर थंड करू शकत नाही, त्याची सारी भिस्त धापेवर असते; ज्याची हवेची वाटच अरुंद झाली आहे तो कुत्रा माणसाला सुखद वाटणाऱ्या हवेतही उष्माघाताने कोसळू शकतो. असा विकार निघाला तर सहल रद्द करण्याचा निर्णय पशुवैद्याच्या टेबलापाशीच घेतलेला बरा, कारण शेताच्या कडेला पोचल्यावर तो घेण्याचे बळ फार थोड्यांना राहते.

वजनाविषयी तर आज वादाला जागाच उरलेली नाही. प्युरिना या पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांतील प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले. हा अभ्यास चौदा वर्षे चालला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी अन्नावर वाढलेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे, शिवाय सडपातळ कुत्र्यांमध्ये सांध्यांच्या झिजेवर उपचार करण्याची वेळही बरीच उशिरा आली. तेव्हा बरगड्या बोटांना सहज लागतील आणि वरून पाहिल्यास कमर आत गेलेली दिसेल इतके वजन उतरवणे हे कोणत्याही महागड्या पूरक औषधापेक्षा मोलाचे आहे. हे काम उन्हाळ्यातच सुरू करावे लागते, कारण उपाशी ठेवून दोन आठवड्यांत वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि म्हाताऱ्या शरीरात गेलेला स्नायू सहसा परत येत नाही. सहलीच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून रोजचे चालणे, सौम्य चढ, आणि पाणी असेल तिथे पोहणे असा व्यायाम हळूहळू वाढवत न्यावा. पोहण्यात सांध्यांवर भार न पडता स्नायू काम करतात, म्हणून तो प्रकार सर्वांत हितकर.

वेदनाशामक औषधांचा विचार याच काळात व्हायला हवा. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधे पशुवैद्याच्या सल्ल्याने गुणकारी ठरतात, मात्र ती देण्यापूर्वी यकृत आणि मूत्रपिंडांची तपासणी आवश्यक असते आणि ती घेणाऱ्या कुत्र्याच्या शरीरातले पाणी कमी होऊ देणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते, ही बाब दिवसभर रानात असलेल्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. सांधेदुखीच्या वेदनेचा संकेतच रोखणारे आणि महिन्यातून एकदा टोचायचे प्रतिपिंडाधारित औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. अनेक कुत्र्यांना त्याचा लाभ झाला असला तरी चेतासंस्थेशी संबंधित दुष्परिणामांबाबत तेथील औषध प्रशासनाने नंतर पशुवैद्यांना सावध केले आहे, म्हणून सहलीच्या तोंडावर प्रथमच असे औषध सुरू करणे शहाणपणाचे नव्हे. माणसाच्या पेटीतली आयबुप्रोफेनची गोळी तर कुत्र्याला कधीही देऊ नये. तिने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणखी एक सूक्ष्म धोका असा की वेदना दबली की कुत्रा पूर्वीसारखा धावू लागतो आणि मालकाला तो बरा झाल्यासारखा वाटतो, वस्तुतः सांधा होता तसाच झिजलेला असतो.

सहलीची तारीख हा पुढचा निर्णय. साउथ डकोटाचा सर्वसाधारण हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि ३१ जानेवारीपर्यंत चालतो. त्या पहिल्या शनिवारी गावोगावी उत्सवाचे वातावरण असते आणि बहुतेकांना तेव्हाच जायचे असते. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मात्र हाच आठवडा सर्वांत वाईट. मका पुष्कळ ठिकाणी उभा असतो, गवत कोरडे आणि उंच असते, आणि दुपारचा उकाडा अनपेक्षितपणे वाढू शकतो. २००३ च्या हंगामाच्या पहिल्याच शनिवार-रविवारी असा अवेळी उकाडा पडला आणि उष्माघाताने शंभराच्या आसपास शिकारी कुत्रे दगावल्याचा अंदाज तेव्हा नोंदवला गेला. त्यांतले अनेक तरुण, पण उन्हाळाभर घरात बसून सुटलेले होते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि कष्टाने ते झपाट्याने वर चढते. जीभ रुंद होऊन टोकाशी पसरणे, लाळ घट्ट होणे, चाल अडखळणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून पोटावर, जांघांत आणि अंगभर पाणी ओतणे भाग असते, आणि दवाखान्याकडे धाव घेण्यापूर्वी अंग थंड करायला सुरुवात करणे हा नियम आज पशुवैद्यक एकमुखाने सांगतात. उलट डिसेंबर-जानेवारीत बर्फ खोल होतो, त्यात प्रत्येक पाऊल उचलून टाकावे लागते आणि थकलेल्या मागच्या पायांना ते झेपत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणथळींवर पातळ बर्फ धरते, त्यावरून जाणारा कुत्रा खाली गेला तर बर्फाच्या कडेवर स्वतःला ओढून घेण्याचे बळ त्याच्यात नसते. या सगळ्याचा विचार करता नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उरतो: बहुतेक मका कापलेला, गर्दी ओसरलेली, हवा थंड आणि किंचित दमट, म्हणजे वास धरून ठेवणारी. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हुंगण्यासाठी श्वास उरत नाही, त्यामुळे थंड हवेत म्हातारे नाकही तरुण कुत्र्याच्या बरोबरीने काम करते.

या राज्यात दिवसाची शिकार सकाळी दहाला सुरू होते आणि सूर्यास्ताला संपते; रोज एका शिकाऱ्याला तीन नर मारता येतात, मादी मारणे निषिद्ध आहे, आणि वाहतुकीत नर ओळखता यावा म्हणून पक्ष्याचे डोके, पिसांसह पंख किंवा पाय अंगाला तसाच ठेवावा लागतो. दहाचा नियम वयस्क कुत्र्याला फार उपकारक आहे, कारण पहाटे उठून थंड पिंजऱ्यातून सरळ गवतात उतरण्याचा मोहच तो काढून घेतो. फेझंटचा दिनक्रम लक्षात घेतला तर कुत्र्याचे वेळापत्रक आपोआप आखले जाते. रात्री हे पक्षी दाट गवतात किंवा पाणकणसाच्या बेटांत मुक्काम करतात, सकाळी रस्त्याच्या कडेचे खडे टिपून कापलेल्या मक्या-ज्वारीच्या शेतांत चरतात, दुपारी बांधांच्या आणि झाडोऱ्याच्या आडोशाला बसतात, आणि सूर्यास्ताच्या आधीच्या तासात पुन्हा गवताकडे परततात. तेव्हा दहा ते अकराच्या दरम्यान शेताच्या कडेचा एक छोटा तुकडा, मग चार-पाच तासांची पूर्ण विश्रांती, आणि सूर्यास्तापूर्वी गवताच्या मुक्कामाजवळ आणखी अर्धा-पाऊण तास, एवढेच दिवसाचे काम ठरवावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि सूर्य साधारण पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हा दुसरा टप्पा चारच्या आसपास सुरू करावा लागतो. कुत्र्याची नजर मंद असेल तर शेवटची पंधरा मिनिटे सोडून देणे चांगले, कारण अंधुक प्रकाशात पाडलेला पक्षी त्याला दिसत नाही आणि शोधाच्या धडपडीत तो सबंध दिवसापेक्षा अधिक थकतो.

जागेची निवड करताना या प्रदेशाची आखणी मदतीला येते. अमेरिकेच्या मध्य भागातील जमीन अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या सरकारी मोजणीनुसार एक मैल लांबी-रुंदीच्या चौरसांत विभागलेली आहे. असा चौरस ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकरांचा, आणि बहुतेक चौरसांच्या कडेने खडीचा सरळ रस्ता. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या नकाशांवर जनतेला खुल्या असलेल्या जमिनी दाखवलेल्या असतात: राज्याने पक्ष्यांसाठी राखलेली क्षेत्रे, केंद्र सरकारची पाणपक्षी क्षेत्रे (येथे शिशाचे छरे चालत नाहीत, पोलादासारख्या बिनविषारी धातूचे वापरावे लागतात), आणि मालकांशी करार करून पायी शिकारीसाठी उघडलेल्या खासगी जमिनी, ज्या एकट्या दहा लाख एकरांहून अधिक आहेत. तरुण कुत्र्याचा मालक १६० एकरांचा सलग गवताळ तुकडा पाहून हरखतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मालकाने त्याकडे पाठ फिरवून दहा-वीस एकरांचे कोपरे शोधावेत. कापलेल्या मक्याला लागून असलेली गवताची चिंचोळी पट्टी, वारा अडवण्यासाठी लावलेल्या झाडोऱ्याचे टोक, पाण्याचा निचरा करणाऱ्या चराची कड, छोट्या पाणथळीभोवतीचे कोरडे कडे, अशा जागांत पळणाऱ्या पक्ष्याची वाट संपते आणि कुत्र्याला त्याचा मैलभर पाठलाग करावा लागत नाही. गळपट्ट्यातील उपग्रह-यंत्रांनी एक गोष्ट निःसंशय दाखवून दिली आहे: नागमोडी धावणारा कुत्रा मालकाच्या कित्येक पट अंतर कापतो. माणसाने दोन किलोमीटर कमी चालायचे ठरवले की कुत्र्याचे त्याच्या कित्येक पट धावणे वाचते.

पाणकणसाची दाट बेटे मात्र वगळलीच पाहिजेत. उशिराच्या हंगामात सर्वाधिक पक्षी तिथेच असतात हे खरे, पण खाली चिखल, वर आडवी पडलेली दांडकी आणि मधून मधून गोठलेले पाणी अशा जागी प्रत्येक पावलाला उडी मारावी लागते, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका असाच वाढतो. वाऱ्याचा हिशेबही नकाशावरच करावा. कुत्र्याने वाऱ्याच्या तोंडी चालणे हा शिकारीचा जुना नियम आहे, पण त्यात परतीची पायपीट गृहीत धरलेली नसते. म्हणून दोन माणसे असतील तर एकाने आधीच गाडी वाऱ्याच्या बाजूच्या टोकाला नेऊन, दार न आपटता उभी करावी, म्हणजे काम संपते तिथेच गाडी सापडते आणि म्हाताऱ्या पायांना रिकाम्या शेतातून परत चालावे लागत नाही. ज्याला शिट्टी नीट ऐकू येत नाही असा कुत्रा खडीच्या रस्त्याजवळ मोकळा सोडू नये. त्याला हाताच्या खुणा आणि थरथरणाऱ्या गळपट्ट्याची सवय घरीच, सहलीच्या कितीतरी आधी लावलेली असावी, आणि गवतात तो लांबून दिसावा म्हणून अंगात नारिंगी जाकीट असावे.

पाच दिवसांपैकी किती दिवस काम करायचे, या प्रश्नाचे उत्तर स्नायूंच्या दुखण्याच्या स्वभावात आहे. श्रमाचा खरा ताठरपणा त्याच दिवशी नव्हे तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वर येतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या उत्साहावरून दुसऱ्या दिवसाची परीक्षा करता येत नाही. पहिला दिवस हलका, दुसरा विश्रांतीचा, तिसरा कामाचा, चौथा पुन्हा विश्रांतीचा, आणि पाचवा कुत्र्याच्या अवस्थेवर सोडलेला, ही मांडणी अनुभवी लोकांना पटते. विश्रांतीच्या दिवशी पट्टा लावून सपाटीवर सावकाश फिरवणे आवश्यक असते, कारण पूर्ण बसून राहिल्याने सांधे अधिक आखडतात. सोबतीला तरुण कुत्रा असलेला मित्र मिळाला तर सर्वांत उत्तम. मोठे गवत त्या तरुणाने विंचरावे आणि म्हाताऱ्याला शेवटच्या कोपऱ्यासाठी किंवा हरवलेला पक्षी शोधण्यासाठी ताजेतवाने आणावे. पळालेल्या जखमी नराचा माग न सोडता, न गोंधळता शेवटपर्यंत काढण्याचे कौशल्य वर्षांनीच येते, आणि तिथे दहा वर्षांचा कुत्रा तीन वर्षांच्या कुत्र्याला मागे टाकतो. मात्र आपल्या वाट्याला काम नसताना त्याला गाडीत ठेवून जवळपास बार उडवू नयेत; पिंजऱ्यात तो तासभर भुंकत, धडपडत राहतो आणि विश्रांतीऐवजी शीणच होतो. त्याला मुक्कामाच्या खोलीवर झोपू द्यावे.

खाण्याची वेळ बदलण्यास बरेच लोक कचरतात, परंतु सकाळी पोटभर जेवून धावणाऱ्या, खोल छातीच्या वयस्क कुत्र्यात जठर वायूने फुगून पिळले जाण्याचा धोका असतो आणि त्यावर तातडीच्या शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. म्हणून मुख्य जेवण संध्याकाळी, काम संपून धाप पूर्ण शांत झाल्यावर द्यावे. दिवसा थोडे थोडे पाणी वारंवार आणि मधल्या विश्रांतीत घासभर खाऊ पुरतो. दीर्घ श्रमात कुत्र्याचे शरीर प्रामुख्याने चरबीवर चालते, त्यामुळे आहारातील बदल करायचाच असेल तर तो काही आठवडे आधी, पशुवैद्याला विचारून करावा.

सामानात ज्या वस्तू तरुण कुत्र्यासाठी कोणी नेत नाही त्यांचाच इथे आग्रह धरावा लागतो. गाडीत चढण्या-उतरण्यासाठी घसरणार नाही अशी फळी हवी, कारण उंच गाडीतून मारलेली एक उडी शेतातल्या तासाभरापेक्षा खांद्याला महाग पडते. जाड गादी, अंग पुसण्याचे पंचे, ओला कुत्रा गुंडाळण्यासाठी झूल, आणि तळमजल्यावरची खोली यांची सोय आधीच करावी. पुष्कळ ठिकाणी लावलेल्या कॅनडा वाइल्ड राय या गवताच्या आणि तशाच इतर गवतांच्या काटेरी कुसळांचा धोका गंभीर आहे. ही कुसळे नाकातून, तोंडातून किंवा बोटांच्या बेचक्यांतून शरीरात शिरतात, मागे फिरत नाहीत, आत सरकत जाऊन फुफ्फुसापाशीही गळू करतात, आणि लक्षणे अनेकदा काही आठवड्यांनी दिसतात. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर कान, डोळ्यांचे कोपरे, हिरड्या, काखा आणि पंजे बारकाईने तपासावेत. त्या मुलखात गावे लांब लांब आहेत आणि गावातले पशुवैद्य बहुतांशी गुराढोरांचे काम करणारे असतात, तेव्हा जवळच्या दवाखान्याचा आणि रात्री उघड्या राहणाऱ्या मोठ्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वी लिहून घ्यावा. रेबीजच्या लसीचा दाखला आणि पशुवैद्याचे प्रमाणपत्रही बरोबर असावे.

एवढी तयारी करूनही शेतात एक निर्णय उरतो आणि तो कुत्रा कधीच घेत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून या जातींमध्ये कामाची इतकी तीव्र ओढ मुरली आहे की वास लागल्यावर वेदनेचे भान उरत नाही; लंगडणारा कुत्राही पक्षी उठताच धावतो, आणि हे पाहून त्याला अजून दम आहे असे समजणारा मालक त्या ओढीचा गैरफायदा घेत असतो, नकळत का होईना. थकव्याच्या खुणा त्याआधीच दिसलेल्या असतात: वेढे आखूड होतात, कुत्रा मालकाच्या मागून चालू लागतो, मागचा भाग खाली घेऊन धावतो, पाण्याजवळ बसून राहतो. मिनिटांची मर्यादा गाडीतून उतरण्यापूर्वी ठरवावी आणि समोर पक्षी उठत असले तरी ती ओलांडू नये. पहिल्याच दिवशी, वीस मिनिटांत, एकही नर न मिळता घड्याळ वाजले तर त्या दिवसाची शिकार संपली. परवान्याचे पैसे, चारशे मैलांचा प्रवास, मित्रांची अपेक्षा, यांपैकी कशाचाही बोजा त्या प्राण्याच्या पायांवर टाकण्याचा अधिकार कोणाला नाही.

परवान्यातील पाच दिवसांचा दुसरा भाग वापरायचा की नाही हे घरी परतल्यावरच्या आठवड्यात ठरते. रोज सकाळी कुत्रा उठताना पहिले पाऊल कोणते टाकतो, जिने चढायला नकार देतो का, नेहमीएवढे खातो का, पंज्यात किंवा बरगड्यांपाशी कुठे गाठ किंवा सूज येते का, याची नोंद तारखेसह ठेवावी आणि शेतात किती मिनिटे काम झाले होते हे त्याच वहीत लिहावे. ताठरपणा दोन-तीन दिवसांत ओसरला तर पुढच्या सहलीत तीच मिनिटे ठेवता येतील. तो आठवडाभर राहिला तर ती निम्मी करावी लागतील, आणि तेव्हाही पशुवैद्याला ही वही दाखवून, त्याने होकार दिला तरच.